शाहिराचा सवाल आणि कॉलेजचा सर्व्हर

हरिश्चंद्र गोताडला गावात कोणी विचारलं, बाबा रे, तू रत्नागिरीच्या कॉलेजात करतोस तरी काय, की तो छाती फुगवून सांगायचा, मी नेटवर्क बघतो. ऐकणारा जरा वेळ वाट बघायचा. बघतोस ते ठीक, पण करतोस काय? याला हरिश्चंद्राकडे धड उत्तर नव्हतं. त्याच्या बायकोकडे, मथुराकडे, मात्र होतं. ती म्हणायची, हे खुर्चीत बसून वायरींवर लक्ष ठेवतात, पळून जाऊ नयेत म्हणून. हरिश्चंद्राला राग यायचा, पण मनातल्या मनात त्याला कबूल करावं लागायचं की नोकरी साधारण तशीच आहे.

गाव संगमेश्वरकडलं, पार आतलं. भातशेती, वर डोंगर, आणि बाकीच्या सगळ्या घरांसारखाच बाप मुंबईला गिरणीत. तो तिकडेच आजारी पडून गेला तेव्हा हरिश्चंद्र चौथीत होता. मग त्याला वाढवलं त्याच्या चुलत्याने, शिवराम तात्यांनी. तात्या चार महिने शेती करायचे आणि बाराही महिने शाहिरी. शक्ती-तुऱ्याचे शाहीर म्हणून पंचक्रोशीत त्यांचं नाव. शक्ती-तुरा म्हणजे दोन पार्ट्यांचा सामना. ढोलकी, झांजा, पायात घुंगरू बांधलेली पोरं गोल धरून नाचणार, आणि मध्ये फेटा बांधलेला शाहीर. एका पार्टीच्या शाहिराने गाण्यातून पुराणातला अवघड सवाल टाकायचा, दुसऱ्याने आपली बारी आली की गाण्यातूनच जवाब द्यायचा. जवाब आला तर सवाल टाकणारा हरला, नाही आला तर जवाब देणाऱ्याने मान खाली घालून घरी जायचं, आणि वर्षभर बाजारात लोकांची तोंडं चुकवायची.

एवढ्या मोठ्या शाहिराच्या घरात वाढून हरिश्चंद्राच्या गळ्यात काय आलं, तर काहीही नाही. एकदा तात्यांनी हौसेने त्याला कोरसात उभा केला होता. पहिल्याच तालमीनंतर त्याला बाजूला घेऊन सांगितलं, पोरा, तोंड उघड, पण आवाज काढू नको. पुढची दोन वर्षं हरिश्चंद्र तसाच मुकाट तोंड उघडझाप करत उभा राहिला. शेवटी त्याने आपण होऊनच पार्टीचा लाउडस्पीकर सांभाळायचं काम मागून घेतलं. तो बिघडायचा, हा दुरुस्त करायचा. तारांना कथलाचे डाग लावायच्या त्या खटपटीतून आयटीआय झालं, आयटीआयमधून कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत चिकटला, आणि अठ्ठ्याण्णव साली कॉलेजात पहिले पाच कॉम्प्युटर आले तेव्हा वायरी कळतात म्हणून तेही त्याच्याच गळ्यात पडले. पाचाचे वाढत वाढत ऐंशी झाले, ब्रॉडबँड आलं, सगळ्या इमारती एकमेकींना जोडल्या गेल्या. आणि हरिश्चंद्र, ज्याला कोरसात कोणी आवाज काढू देत नव्हतं, तो एका खोलीचा राजा झाला. खोलीला एसी होता. सबंध कॉलेजात तेवढा प्राचार्यांच्या खोलीत आणि इथे, त्यामुळे त्याचा रुबाब काही विचारू नका.

आता ऐंशी कॉम्प्युटर एका माळेत आले म्हटल्यावर पोरं गप्प बसतील होय? एकाने घरून सीडीवर पिक्चर आणायचा, मशीनवर टाकायचा, फोल्डर सगळ्यांना खुला करायचा, की संध्याकाळपर्यंत तो ऐंशी ठिकाणी. गाणी तर विचारूच नका. ब्रॉडबँडचा सगळा वेग पोरं परदेशातून पिक्चर ओढण्यात घालवायची, आणि तिकडे ऑफिसात परीक्षेचे फॉर्म भरायला बसलेला क्लार्क स्क्रीनसमोर जांभया देत असायचा. शेवटी विद्यापीठातून परिपत्रक आलं, हे प्रकार थांबवा. प्राचार्या केळकर मॅडमनी हरिश्चंद्राला बोलावून सांगितलं की गोताड, ही जबाबदारी तुमची. मॅडम कधी आवाज चढवत नसत. त्यामुळे माणूस जास्त घाबरायचा.

झालं. हरिश्चंद्राच्या अंगात जे काही संचारलं त्याला तोड नाही. तो मधल्या सुट्टीत लॅबमध्ये घुसायचा आणि एकेक मशीन उघडून बघायचा. पोरं फोल्डरला नाव द्यायची 'प्रॅक्टिकल तिसरं', आत मारामारीचा पिक्चर. 'हायड्रॉलिक्स' नावाच्या फोल्डरात त्याला अख्खी नाच-गाण्यांची मालिका सापडली. सापडलेला माल तो खोडून टाकायचा नाही हं. जप्त करायचा, आपल्या सर्व्हरवरच्या खास फोल्डरात पुरावा म्हणून ठेवायचा. पुरावा नीट आहे की नाही हे बघण्यासाठी त्यातले काही पिक्चर त्याने शेवटपर्यंत पाहिले, ही गोष्ट वेगळी. एका पुराव्याच्या शेवटी तो रडलाही होता, आणि मॅडम आत आल्या तेव्हा एसीची धूळ डोळ्यात गेली असं सांगून वेळ मारून नेली होती.

आणि भाषणं! दर नव्या वर्गापुढे तो उभा राहायचा आणि ठासून सांगायचा की चोरी ती चोरीच, मग ती आंब्याची असो की गाण्याची. एकदा शार्दूल पटवर्धन नावाच्या पहिल्या वर्षाच्या मुलाने उठून अगदी नम्रपणे विचारलं होतं की सर, आंबा नेला तर झाडावरचा एक आंबा कमी होतो, गाणं नेलं तर तिथलं काय कमी होतं? हरिश्चंद्राने त्याला खाली बसवलं. उत्तर ठाऊक असतं तर उभं ठेवलं असतं.

नवा सर्व्हर आला तो दोन हजार सहाच्या दसऱ्याच्या तोंडावर. खंडेनवमीला यंत्रांची पूजा करायची रीतच आहे, तेव्हा हरिश्चंद्राने सर्व्हरला झेंडूची माळ घातली, हळदकुंकू लावलं, ते पंख्यात जाऊ नये म्हणून खाली पेपर अंथरला, आणि पुढे नारळ ठेवला. पण नुसता नारळ फोडून त्याचं समाधान कसलं व्हायला! त्याने हात जोडले आणि गावच्या देवळात घालतात तसं खणखणीत गाऱ्हाणं घातलं. हे बा गांगोबा म्हाराजा, हा नवा सर्व्हर तुझ्या पायाशी ठेवलाय, व्हायरस येईल तो भायेरच्या भायेर परतव, कोणी वाकडा डोळा करील तर त्याचा डोळा सरळ कर. दारात जमलेली पोरं हसू दाबत दरवेळी साथ देत होती, व्हय म्हाराजा! हरिश्चंद्राला भरून आलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या आवाजाला कोरस मिळाला होता.

पूजा आटोपल्यावर सगळी पांगली. हरिश्चंद्राने दार लावून घेतलं आणि सर्व्हरचा पासवर्ड ठेवला 'गांगोबा'. देवावर भार टाकला म्हणजे पूर्णच टाकायचा, असा त्याचा विचार.

पुढल्या वर्षी पावसाळ्यात तो गावी गेला तेव्हा तात्यांची तब्येत काही बरी नव्हती. खोकला होता, वरचा सूर लागत नव्हता. आदल्या गणपतीत लांज्याकडच्या बाबल्या शाहिराने त्यांना भर सभेत सवालात अडकवून हरवलं होतं, आणि तो काटा म्हाताऱ्याच्या पायात नाही, काळजात होता. या गणपतीत रत्नागिरीच्या सभागृहात पुन्हा बाबल्याशीच सामना ठरला होता. तात्यांनी घरात सांगून टाकलं होतं, ही माझी शेवटची बारी. जिंकायची आणि फेटा उतरवायचा.

त्यासाठी त्यांनी वर्षभर पोथ्या ऐकून सवाल बांधला होता. लाखेचं घर जळालं, पांडव भुयारातून निसटले, सगळ्यांनी त्यांच्या सुटकेची गाणी केली. पण सकाळी राखेत सहा सांगाडे सापडले ते कोणाचे? एक आई आणि तिचे पाच लेक, ते कोण, कुठले, आणि त्या रात्री तिथे कशाला आले होते, शाहिरा, सांग. तात्यांनी तो पडवीत बसून म्हणून दाखवला तेव्हा त्या अनोळखी आईसाठी मथुराने डोळ्याला पदर लावला.  हरिश्चंद्राला वाटलं, जिंकले तात्या.

अडचण एकच होती. नाचणारी आणि कोरसातली निम्मी पोरं मुंबईला, कोणी नालासोपाऱ्यात, कोणी दिव्याला. ती गणपतीला उतरणार आदल्या दिवशी. त्यांनी चाल पाठ कधी करायची? इथे आपला विद्वान पुढे सरसावला. म्हणाला, तात्या, मी रेकॉर्ड करतो, कॉम्प्युटरवर चढवतो, पोरं तिकडे सायबर कॅफेत जाऊन उतरवून घेतील. तात्यांना हे पटेना. सवाल सभेत पडेपर्यंत चार भिंतींच्या बाहेर जाऊ नये ही पिढीजात रीत. कोरसालासुद्धा तो शेवटच्या आठवड्यात शिकवतात. त्यांनी विचारलं की दुसऱ्या कोणाच्या कानी पडला तर? हरिश्चंद्र हसला. म्हणजे अगदी हसला, दया आल्यासारखा. "तात्या, अख्ख्या कॉलेजची चोरी मी थांबवली. आपल्या घरातली थांबवता येणार नाय मला?"

म्हाताऱ्याने विश्वास ठेवला. न ठेवून करतो काय, त्यानेच शिकवलेला पुतण्या.

रत्नागिरीला परतल्यावर हरिश्चंद्राने ते रेकॉर्डिंग सर्व्हरवर चढवलं. बाहेरून कोणाला काही उतरवता येऊ नये म्हणून जी वाट त्याने स्वतः बंद केली होती, ती स्वतःच उघडली. फोल्डर कुठला, तर कोणी तपासायला येणार नाही असा, म्हणजे आपलाच, पुराव्यांचा. जप्त केलेल्या शंभरेक पिक्चरच्या शेजारी तात्यांचा सवाल जाऊन बसला. मुंबईच्या पोरांना पासवर्ड फोनवर सांगितला. तो त्यांना लिहूनसुद्धा घ्यावा लागला नाही, गावच्या देवाचं नाव कोण विसरतं?

आता कॉलेजच्या पोरांच्या बाजूने बघा. त्यांचे पिक्चर सरांनी नेले होते. सर ते कुठे ठेवतात हे सगळ्यांना माहीत होतं, कारण सरांनीच भाषणात सांगितलं होतं की सगळा पुरावा माझ्या सर्व्हरवर सुरक्षित आहे. राहिला पासवर्ड. तर सरांनी दारात उभं राहून, हात जोडून, देवाचं नाव घेऊन सर्व्हर त्याच्या पायाशी घातला होता, आणि चाळीस पोरांकडून त्यावर व्हय म्हाराजा म्हणून घेतलं होतं. पोरांना अक्कल लावावी लागली ती एवढीच, की सर दुसरं काय ठेवणार? पहिल्याच फटक्यात उघडलं. पोरांनी निवडत बसण्यापेक्षा सगळा फोल्डरच उचलला.

हरिश्चंद्राला हे कळलं ते रिक्षात. गणपतीला आठवडा राहिला होता. बाजार करून तो मारुती मंदिराजवळ रिक्षात बसला, आणि रिक्षावाल्याने मोबाइलवर गाणं लावलं. आधी ढोलकी. मग खोकला. तात्यांचा खोकला. मग, राखेत सांगाडे सहा, शाहिरा, नीट पाहा. हरिश्चंद्राच्या हातातल्या पिशवीतले टोमॅटो खाली सांडले आणि रिक्षाभर गडगडले. कुठून मिळालं हे विचारल्यावर रिक्षावाला मोठ्या खुशीत म्हणाला की सगळ्या स्टँडवर आहे, कॉलेजच्या पोरांनी दिलंय, ब्लूटूथवरून. म्हातारा काय गातो हो, असंही म्हणाला. हवं असेल तर तुम्हाला पण देतो.

नको म्हणताना हरिश्चंद्राचा आवाज फुटेना. कोरसात उभा होता तसाच, तोंड नुसतं उघडझाप.

दुसऱ्या दिवशी त्याने शार्दूलला बोलावलं. ओरडायची त्याने तयारी केली होती, पण समोर पोरगं आल्यावर त्याला कळेना की ओरडायचं कशावर. देवाचं नाव घेतलं म्हणून? शार्दूलने काही लपवलं नाही. पिक्चर परत घ्यायला गेलो होतो, म्हणाला, हे गाणं त्यात मिळालं, सगळ्यांना फार आवडलं. कोणाचं, कशासाठी, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मग हरिश्चंद्राने त्याला सामन्याचं सांगितलं, तेव्हा पोरगं पांढरंफटक पडलं. सर, आम्ही सगळ्यांकडून पुसून घेतो, म्हणाला. आता कुठे कुठे पुसणार, बाबा? रत्नागिरीतून लांज्याला एसटी जाते, आणि एसटीत बसलेल्या प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असतो.

हरिश्चंद्राचा आठवडा कसा गेला ते त्याचं त्याला माहीत. जेवण जाईना. मथुरा म्हणाली, तात्यांना सांगा. तो म्हणाला, सांगतो. आणि सांगितलं नाही. लबाड मनाने शंभर पळवाटा शोधल्या. बाबल्याने कदाचित ऐकलं नसेल, ऐकलं तरी जवाब ठाऊक नसेल, लांज्याच्या बाजूला ब्लूटूथ कमी असेल. स्वतःच्या नावाची तरी जरा लाज वाटायला हवी होती, पण नावं आईबाप ठेवतात, लाज ज्याची त्याने आणावी लागते. सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळी मात्र तो पहिल्या गाडीने गावी गेला.

तात्या पडवीत फेट्याचं कापड नीट करत बसले होते. हरिश्चंद्र उभ्याउभ्याच सगळं बोलला. सर्व्हर, पासवर्ड, पोरं, रिक्षा. शार्दूलने वर्गात विचारलेलं तेही, की गाणं नेल्यावर तिथलं कमी काय होतं. एकदा सुरू झाल्यावर त्याला थांबता येईना.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ज्येंनी नेला, त्येंना आवडला काय?"

"आवडला. रिक्षावाल्यांना पाठ झालाय."

म्हाताऱ्याच्या तोंडावर हसू आलं. खरंखुरं, पोरासारखं. ते तसंच थोडा वेळ राहिलं आणि मग हळूहळू उतरत गेलं. त्यांनी फेट्याचं कापड बाजूला ठेवलं. "मंग आता मी उद्या काय गाऊ, हऱ्या?"

हरिश्चंद्राला वाटलं, त्यांनी दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. तात्या भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

सामना दुपारी होता, मुंबईकरांना परतीच्या गाड्या धरायच्या म्हणून. सभागृह खच्चून भरलं होतं. हरिश्चंद्राने मोठ्या तोऱ्यात महिनाभर आधी केळकर मॅडमना आमंत्रण दिलं होतं, त्यामुळे त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या, आणि शेजारी तो. मागे कॉलेजची पोरंच पोरं. गण झाला, गवळण झाली. तात्यांनी फेटा सावरला आणि सवालाची बारी सुरू झाली. ढोलकीने चाल धरली आणि मागची पोरं, कोणाचंही वाईट मनात नसताना, हौसेने आधीच गुणगुणू लागली, राखेत सांगाडे सहा. हरिश्चंद्राने मान खाली घातली. समोर बसलेल्या बाबल्या शाहिराने मात्र मान खाली घातली नाही. तो टक लावून तात्यांकडे बघत होता, तयारीत.

तात्यांनी हात वर करून ढोलकी थांबवली. पाण्याचा घोट घेतला. मग दुसऱ्याच चालीवर, खर्जात, सुरुवात केली:

"चोर घरात शिरला, त्यानं गठुडं नेलं उचलून,
सकाळी बघतो धनी, गठुडं जागच्या जागी अजून!
कमी नाय झाला दाणा, तरी धनी बसला रडून,
शाहिरा, सांग सभेला, गेलं काय त्याच्या घरातून?"

कोरसाला हे नवीनच होतं. पोरं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिली आणि मग जमेल तसं मागून ओढू लागली. तात्या थांबले नाहीत. त्यांनी पहिल्या रांगेकडे, थेट हरिश्चंद्राकडे बघितलं.

"राखणीला ठेवला पुतण्या, शिकलेला नि हुशार,
कुलूप लावलं भलंमोठं, देवाच्या नावानं उघडं दार!"

सभागृहात आधी मागची पोरं हसली, मग ज्यांना काही कळलं नव्हतं तेही हसले. हरिश्चंद्राला भुयार हवं होतं, पांडवांचं चाललं असतं. मॅडमनी न हसता त्याच्याकडे वाकून हळूच विचारलं, "गोताड, पासवर्ड बदललात का?" त्याने मान हलवली. कुठल्या बाजूला, ते त्यालाही कळलं नाही.

बाबल्या शाहीर उठला. त्याची बारी. माणूस तात्यांहून वीस वर्षांनी लहान, आवाज तापलेला, गडगडाटी. पण तो लगेच गायला लागला नाही. झांजवाला दोनदा त्याच्याकडे बघून थांबला. हरिश्चंद्राला पेच स्वच्छ दिसत होता. सवाल पुराणातला नव्हता, पोथीत उत्तर नव्हतं. आणि ज्याने चोरीला गेलेलं गाणं ऐकलं असेल त्यालाच याचा जवाब ठाऊक असणार. गप्प राहावं तर हार, जवाब द्यावा तर सभेत कबुली. हरिश्चंद्र मनातल्या मनात गांगोबाला म्हणत होता, याला गप्प ठेव रे, एवढा एक उपकार कर. गांगोबाने त्या वर्षी त्याचं काहीही न ऐकायचं ठरवलं होतं.

बाबल्याने कानावर हात ठेवला:

"गठुडं हाय तसंच, पण गाठ ती सुटली,
पयल्यांदा उघडायची मजा, तीच तेवढी लुटली!"

मग त्याने ढोलकी थांबवली आणि साध्या बोलण्यात म्हणाला, "शाहीर, तुमची गाठ मी पन सोडली हाय. त्या लाखेच्या घरातल्या माउलीचा जवाब मी पाठ करून आलो व्हतो. तो मी आज देनार नाय." आणि त्याने वाकून तात्यांच्या पायाला हात लावला.

टाळ्या कोणासाठी पडल्या ते सांगणं कठीण. पण नियम नियम असतो. सवालाला जवाब मिळाला, म्हणजे बारी बाबल्याची. तात्या हरले. हरिश्चंद्राच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, आणि या वेळी एसीवर ढकलायची सोय नव्हती. शेवटची बारी, जिंकून फेटा उतरवायचा होता, आणि ती त्याने घालवली होती. आंबा नाही, पिक्चर नाही, म्हाताऱ्याचं अख्खं वर्ष त्याने देवाच्या नावाने उघड्यावर ठेवलं होतं.

तात्यांनी बाबल्याला उठवून पोटाशी धरलं. मग माइक हातात घेऊन सभेला सांगितलं की हरलो, कबूल. आणि हरून फेटा उतरवत नाही मी. पुढल्या साली नवा सवाल घेऊन येतो. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मुंबईची पोरं त्यांना खांद्यावर घेऊन बाहेर पडली. हरलेल्या शाहिराला असं नेलेलं तिथे कोणी कधी पाहिलं नव्हतं.

कॉलेजात हरिश्चंद्राने सगळे पुरावे खोडले, पासवर्ड असा अवघड ठेवला की तो स्वतःच दोनदा विसरला. भाषणं चालू राहिली, पण आंब्याचं उदाहरण गेलं. आता पोरांनी विचारलं की गाणं नेल्याने तिथलं काय कमी होतं, तर तो कोणाला खाली बसवत नाही. तो सांगतो, माझ्या घरी या, दाखवतो. पोरांना ती थट्टा वाटते. शार्दूलला वाटत नाही. त्याने त्या वर्षी रिक्षास्टँडवर जाऊन, विचारून विचारून, पंधरावीस मोबाइलमधून ते गाणं पुसलं म्हणतात.

पुढल्या पावसाळ्यात हरिश्चंद्र गावी गेला. तात्यांचा खोकला कमी होता, डोळ्यांत चमक होती, म्हणजे नवा सवाल झाला होता. संध्याकाळी पडवीत गावातली पोरं जमली. मथुराने सगळ्यांना चहा दिला आणि चौकटीला टेकून बसली. हरिश्चंद्रही खांबाला पाठ लावून बसला, नेहमीच्या जागी. ढोलकीवाल्याने थाप मारून बघितली. तात्यांनी घसा साफ केला, तोंड उघडलं, आणि मिटलं. त्यांची नजर फिरत फिरत हरिश्चंद्रावर आली.  मथुरा खाली बघू लागली.

"हऱ्या," तात्या म्हणाले, अगदी मायेने, "तू वायच भायेर बस. कोन येतो-जातो बघ."

हरिश्चंद्र उठला. चपला घातल्या आणि अंगणात जाऊन पायरीवर बसला. आतून दार लोटलं गेलं. त्याला राग आला नाही. रडू आलं, पण रडायचा हक्क नव्हता, म्हणून तो वायरींवर लक्ष ठेवतात तसं रस्त्यावर लक्ष ठेवू लागला. रस्त्याने येत-जात कोणीच नव्हतं. मग आत ढोलकी वाजली आणि दाराच्या फटीतून तात्यांचा आवाज बाहेर आला. पहिली ओळ त्याच्या कानावर पडली, आणि ती इतकी सुरेख होती की त्याने श्वास रोखला.

तो तसाच उठला, दोन्ही कान हातांनी घट्ट दाबले, आणि जिथे काहीच ऐकू येत नाही अशा जागेपर्यंत, विहिरीपलीकडच्या बांधावर जाऊन बसला.